सनरूफ चार बोटं उघडं राहतंय, बंद होईना, आणि आभाळ भरून आलंय

गंगाकाठ_परभणी
शनिवार, दुपारी ३.४०

नमस्कार मंडळी, घाईत लिहायलोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. माझ्या गाडीचं सनरूफ बंद होत नाहीये. गाडी २०२१ ची, कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मग कोणती कंपनी चांगली यावरच चार पानं भरतात आणि प्रश्न तसाच राहतो.

झालं असं की काल गावाकडं भाच्याचं लग्न होतं, गंगाखेडच्या पुढं आमचं गाव, त्या गडबडीत गाडी दोन दिवस नुसती पळापळीला होती, आज सकाळी पाहुण्यांना स्टेशनवर सोडून परत आलो, येताना लेकरांनी सनरूफ उघडलं आणि दारात आल्यावर बंद करायला बटन दाबलं तर काच पुढं येते, येते आणि चार बोटं फट राहिली की थांबते आणि वीतभर परत मागं जाते. दहा-पंधरा वेळा तरी केलं असेल. शेवटी बटनाला काहीच दाद देईना, मला वाटलं मोटार जळाली, पण अर्ध्या तासानं परत हलली आणि परत तेच, चार बोटं राहिली की माघार.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर गाडी न बघताच म्हणाले पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, ६०-७० हजार धरून चला, पार्ट यायला आठ-दहा दिवस, आणि सोमवारशिवाय कुणी हात लावणार नाही. सोमवारी सकाळी मला आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला न्यायचंय, तारीख दीड महिन्यानं मिळालीय, ती मोडता येत नाही. आणि इकडं दुपारपासून असला उकाडा की अंगातून पाणी निथळायलंय, गंगेच्या अंगानं काळं आभाळ उठलंय. वळीव आला तर सीट, वायरिंग सगळं भिजणार. इथं गावात गाडीचा मिस्त्री नाही, आहे तो ट्रॅक्टरचा. कुणाला असा अनुभव असेल तर लवकर सांगा.


मोंढ्यातला_माणूस_बीड
शनिवार, दुपारी ३.५२

दादा आधी गाडी झाका, कारण काय ते नंतर बघू. गावात कुणाचं पत्र्याचं शेड असेल, हार्वेस्टरचं किंवा कडब्याचं, तर तिथं नेऊन लावा, हे सगळ्यात सोपं. शेड नसेल तर शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा कुणाकडं तरी असतोच, तो घ्या. मल्चिंग पेपर घेऊ नका, तो वाऱ्यात फाटतो. टपावरची धूळ आधी ओल्या फडक्यानं पुसा नाहीतर कागद घासून रंगावर ओरखडे पडतील. मग कागद टपावर आडवा टाकायचा, दोन्ही बाजूंनी दरवाज्यातून वीतभर आत घ्यायचा आणि दरवाजे लावून टाकायचे, दरवाजाच कागद धरून ठेवतो, दोरीची गरज नाही. ती तपकिरी पॅकिंगची चिकटपट्टी रंगावर मारू नका, मेच्या उन्हात तिचा डिंक असा बसतो की निघता निघत नाही. कागद मधे खोलगट राहू देऊ नका, पाणी साचलं की वजनानं आत झुकतो, आतून सीटवर एखादी उशी उभी करून कागदाला उंचवटा द्या.


ड्रायव्हर_हिंगोली
शनिवार, दुपारी ४.०५

माझ्या मालकाच्या गाडीला असंच झालं होतं. दोघांनी वरून तळहातानं काच पुढं दाबली, एकानं बटन धरलं, बसली की. रुळात गंज काढायचा स्प्रे भरपूर मारा, सटासट पळते. नाहीतर थोडं डिझेल फडक्याला लावून रूळ पुसून घ्या.


वायरमन_उदगीर
शनिवार, दुपारी ४.३०

हिंगोलीच्या भावाचा राग नाही, पण गंगाकाठ दादा, यातलं काहीच करू नका. मी उदगीरला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, अठरा वर्षं झाली, जरा नीट सांगतो म्हणजे तुम्हालाच कळेल काय होऊलालंय ते.

सनरूफची काच मोटार सरळ ओढत नाही. मोटार छताच्या आत असते, तिच्या गियरवर दोन वळलेल्या तारा बसलेल्या असतात, स्प्रिंगसारखी नक्षी असलेल्या जाड केबल, एक डावीकडच्या रुळात आणि एक उजवीकडच्या. मोटार फिरली की दोन्ही केबल सारख्याच सरकतात आणि काच सरळ चालते. वरून हातानं एका बाजूला जास्त जोर बसला तर एक केबल गियरवरून एक दात उडी मारते, मग काच कायमची तिरकी, आणि तेव्हा मात्र खरंच असेंब्लीचा खर्च पडतो. मालकाच्या गाडीला चाललं म्हणजे नशीब चांगलं होतं.

डिझेल आणि गंजाचा स्प्रे तर नकोच. डिझेलनं रबर फुगतं, स्प्रेनं रुळातलं मूळचं ग्रीस धुऊन जातं, दोन दिवस गुळगुळीत चालतं आणि मग आपल्या काळ्या मातीची धूळ त्याच्यावर बसली की लापशी होते.

आता तुमच्या लक्षणाबद्दल. काच येते आणि परत जाते ही बिघाडाची खूण नाही, उलट गाडी शहाण्यासारखी वागूलालीय. त्याला अँटी-पिंच म्हणतात, लेकराचा हात, मान फटीत अडकू नये म्हणून. मोटारीत सेन्सर असतो, तो फेऱ्या मोजतो. फेऱ्यांचा वेग अचानक कमी झाला की कंट्रोलरला वाटतं मधे काहीतरी आलंय, तो काच उलटी फिरवतो. त्याला बोट आणि खडा यातला फरक कळत नाही, त्याला फक्त अडथळा कळतो. म्हणजे चार बोटं राहतात तिथंच रुळात काहीतरी आहे, किंवा मोटारीला पुरेसा करंट मिळत नाही म्हणून ती तिथं दमते, किंवा काच कुठं आहे याचा हिशोबच कंट्रोलर विसरलाय.

दहा-पंधरा वेळा दाबल्यावर बंद पडली म्हणालात ना, ती जळाली नव्हती, तापली होती. मोटार तापली की स्वतःहून थांबते, निवली की परत चालते. म्हणून आता बटन दाबणं थांबवा.

चार गोष्टी सांगा. काच दोन्ही बाजूंनी सारखीच थांबते का एक बाजू पुढं एक मागं? मोटारीचा आवाज रोजचाच आहे का कर्रर्र असा दात खाल्ल्यासारखा? दोन दिवसांत बॅटरी उतरली होती का किंवा कुणी तिच्या वायरी काढल्या होत्या का? आणि लग्नात गाडीचा उपयोग कशाला कशाला झाला ते जरा सविस्तर सांगा.


गंगाकाठ_परभणी
शनिवार, संध्याकाळी ५.१५

बीडच्या भाऊंचे आभार, शेततळ्याचा कागद चुलत्याकडं मिळाला, गाडी झाकली आणि दहा मिनिटांत वारं सुटलं, आता टपोरे थेंब पडायलेत. कागद धरून आहे.

मिस्त्री, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि डोक्यात उजेड पडला. परवा संध्याकाळी परण्या याच गाडीतून निघाला. नवरदेव सनरूफमधून वर उभा, मारुतीच्या देवळापर्यंत गाडी पावलाच्या चालीनं, देवळासमोर तासभर थांबलो तर इंजिन बंद आणि गाणी चालू, लाइटा चालू. काल सकाळी गाडी चालूच होईना, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल लावून चालू केली. आणि लग्न लागल्यावर नवरा-नवरी याच गाडीत बसले, सनरूफ उघडं होतं, पोरांनी उरलेल्या अक्षता आणि झेंडूची फुलं वरून ओतली. आमच्याकडं अक्षता तांदळाच्या कमी आणि ज्वारीच्या जास्त असतात.

आता कागद थोडा उचलून टॉर्च मारून बघितलं. उजव्या रुळात पुढच्या अंगाला कुंकवानं रंगलेली ज्वारी दिसायलीय, सात-आठ दाणे तरी, काही ठेचलेले. झेंडूच्या पाकळ्या तर सगळ्या खोबणीत. काच दोन्हीकडं सारखीच थांबते, आवाज नेहमीचाच.


वायरमन_उदगीर
शनिवार, संध्याकाळी ५.४०

मग तुमचे ६०-७० हजार वाचले असं समजा. दोन कारणं एकात एक मिसळलीत. ज्वारीचा दाणा रुळात आहे म्हणून मोटार अडते, आणि बॅटरी पूर्ण उतरली होती म्हणून काचेची जागा कंट्रोलर विसरला असण्याची शक्यता आहे. नुसते दाणे काढले आणि हिशोब दुरुस्त केला नाही तरी काच मधेच थांबेल, आणि दाणे न काढता हिशोब बसवायला गेलात तर चुकीचा बसेल. आधी सफाई मग रीसेट, हा क्रम सोडू नका.

पाऊस थांबू द्या. गाडी चालू करून काच पूर्ण मागं घ्या म्हणजे रूळ मोकळे दिसतात, मग गाडी बंद करा. आधी व्हॅक्यूम, घरात नसेल तर मंडपवाल्याकडं किंवा शाळेत विचारा. ब्लोअर मारू नका, दाणे रुळातून उडून केबलच्या नळीत जाऊन बसतील. चिकटलेले दाणे लाकडी काडीनं काढा, अगरबत्तीची काडी किंवा आइस्क्रीमची, स्क्रू ड्रायव्हर नको, रूळ ॲल्युमिनियमचे असतात, ओरखडा पडला की तो जन्मभर अडतो. मग जुना टूथब्रश, मग जेमतेम ओलं फडकं, मग कोरडं. वाळून काळं झालेलं ग्रीस जेवढं निघेल तेवढं काढा. नंतर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, बोटावर घेतलं आणि फिरवलं एवढाच, जास्त लावलं की धूळ धरतं. आज ग्रीस नसेल तर कोरडंच ठेवा, खोबरेल तेल लावू नका.

आता रीसेट. ही पद्धत गाडीगणिक वेगळी असते, तुमच्या गाडीच्या पुस्तकात सनरूफच्या पानावर दिलेली असते, तीच पाळा. बऱ्याच गाड्यांत असं असतं की इंजिन चालू ठेवायचं, काच बंद होईस्तोवर आणायची, बंद करायचं बटन दाबून धरून ठेवायचं, दहाएक सेकंदांनी काच किंचित हिसका देते, तिथं सोडायचं आणि दोन-तीन सेकंदांच्या आत परत दाबून धरायचं. मग काच आपोआप पूर्ण उघडते आणि पूर्ण बंद होते. ती पूर्ण थांबेपर्यंत बटन सोडायचं नाही, मधे सोडलं की पहिल्यापासून. आणि या वेळी अँटी-पिंच काम करेलच असं नाही, लेकरांना गाडीपासून लांब ठेवा, कुणाचा हात वर नको.

इंजिन चालूच हवं, कारण तुमची बॅटरी आत्ता भरवशाची नाही. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली गेली म्हणजे ती रिकामी. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र, साधारण १३.५ ते १४.५ देतो, त्यावर मोटार नीट ओढते. गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडं मीटर असतं, बघून घ्या.

एवढं करून नाहीच झालं तर हातानं बंद करायची सोय बऱ्याच गाड्यांत असते. पुढच्या छतावरच्या दिव्याचं कव्हर काढलं की मोटारीच्या बुडाला सहा कोनांची खाच दिसते, त्यात एलन की घालून हळूहळू फिरवायचं, शंभरेक फेरे लागले तरी घाबरायचं नाही. काही नव्या गाड्यांत ही खाच ठेवलेलीच नाही, पुस्तकात बघूनच कव्हरला हात घाला. पण छताचं कापड कडेनं ओढून काढू नका, बऱ्याच गाड्यांत तिथं बाजूच्या एअरबॅगची गुंडाळी असते. मोटार सोडवून खाली काढायच्या भानगडीत पण पडू नका, काच अर्ध्यावर असताना मोटार काढली की गियर आणि केबलचा मेळ जातो.


ड्रायव्हर_हिंगोली
शनिवार, संध्याकाळी ६.०२

मिस्त्री, केबलचं मला माहीत नव्हतं. मालकाच्या गाडीची काच तेव्हापासून उजवीकडं जरा वर राहते आणि वाऱ्याचा आवाज येतो, आम्ही रबर बदललं दोनदा. ते केबलमुळंच असेल का?


वायरमन_उदगीर
शनिवार, संध्याकाळी ६.१०

बघितल्याशिवाय ठाम सांगता येत नाही, पण संशय तिथंच आहे. उदगीर-लातूरकडं येणं झालं तर गाडी दाखवा. तोवर सनरूफ उघडू नका, बंद आहे तसं राहू द्या.


वाळूजची_ताई
शनिवार, रात्री ९.२०

गंगाकाठ दादा, पाकळ्या सगळ्या खोबणीत आहेत असं तुम्ही लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, काच बंद झाली तरी तुमचं काम संपत नाही.

माझा असा समज होता की सनरूफचं रबर पाणी अडवतं. तसं नसतं. रबराच्या कडेनं थोडं पाणी आत येणारच हे धरूनच ते बनवलेलं असतं. काचेभोवती पन्हाळीसारखी खोबण असते, तिच्या कोपऱ्यांत भोकं असतात आणि तिथून नळ्या खाली जातात, पुढच्या दोन समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून आणि मागच्या दोन मागच्या खांबातून, आणि पाणी चाकांजवळ कुठंतरी खाली पडतं. आपल्या घराच्या धाब्याला पन्हाळं असतं तसंच. पन्हाळं तुंबलं की धाबं गळतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीत हेच झालं. आमच्या सोसायटीत कडुनिंबाखाली गाडी असायची, मोहर आणि बारीक पानं नळीत बसली. जुलैमध्ये गाडीत कुबट वास यायला लागला, मी आठवडाभर परफ्यूम मारत होते, शेवटी मॅट उचललं तर खालचा गालिचा दाबला की पाणी वर येत होतं. ड्रायव्हरच्या सीटखालचे वायरींचे कनेक्टर हिरवे पडले होते. गालिचा काढून तीन दिवस उन्हात वाळवला, वायरिंग दुरुस्तीला पैसे गेले ते वेगळेच. सनरूफला काहीच झालेलं नव्हतं, फक्त नळ्या तुंबल्या होत्या आणि मला त्या नळ्या असतात हेच कुणी सांगितलं नव्हतं. गाडी घेताना सनरूफ कसं उघडतं ते दहा वेळा दाखवतात, हे का सांगत नाहीत?

तर पाकळ्या काढताना त्या भोकांत ढकलल्या जाणार नाहीत एवढं बघा, चिमट्यानं उचलून काढा. नंतर अर्धा ग्लास पाणी घेऊन एकेका कोपऱ्यात हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा, त्याच बाजूच्या चाकाजवळ धार पडली पाहिजे. थेंब थेंब आलं तर नळी अर्धी तुंबलीय. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी असते ना, तिचं टोक गोल करून हळूच आत सरकवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, खांबाच्या आत नळी तोटीवरून निसटते आणि मग पाणी थेट छताच्या कापडात. माझी गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं मला हे आधी सांगितलं होतं म्हणून वाचले.


शाळामास्तर_अंबाजोगाई
रविवार, सकाळी ७.३५

सगळ्यांनी फार उपयोगाचं लिहिलंय. मला फक्त परण्याबद्दल बोलायचंय आणि गंगाकाठ दादांनी मनाला लावून घेऊ नये. नवरदेव किंवा लेकरं सनरूफमधून वर उभी करायची पद्धत आता आमच्याकडंही प्रत्येक लग्नात दिसते. गाडी पावलाच्या चालीनं असली तरी समोर अचानक कुणी आलं आणि ब्रेक लागला तर उभ्या माणसाचं पोट, छाती सरळ त्या ॲल्युमिनियमच्या कडेवर आपटते. रस्त्यावर आडव्या गेलेल्या केबल आणि तोरणाच्या तारा तर गावात मानेच्याच उंचीला असतात. वर उभ्या माणसाला बेल्ट नसतो हे उघडच आहे, त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब खाली १,००० रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे पुढचे दोन दात अशाच गाडीत गेले, गतिरोधक आला एवढंच कारण. शिवाय त्या काचेच्या कडेवर, पुढच्या वारा अडवणाऱ्या पट्टीवर माणसं हात टेकून भार देतात, ती पट्टी बारीक स्प्रिंगवर असते, वाकली की तीसुद्धा काचेला अडते. दादा, तुमची ती पट्टी सरळ आहे का बघून घ्या.


गंगाकाठ_परभणी
रविवार, दुपारी १२.५०

मास्तर, मनाला कशाला लावून घेऊ, तुमचं खरं आहे. पट्टी बघितली, डावीकडून खरंच वाकलेली होती, हातानं हळूच सरळ केली, आता खाली-वर नीट होतेय.

बाकीचं सांगतो. रात्री पाऊस तासभर चांगला झाला, कागदानं एक थेंब आत येऊ दिला नाही. सकाळी शाळेतून व्हॅक्यूम आणला, मी आणि भाचा, परवाचा नवरदेव, दोघं बसलो. सत्तावीस दाणे निघाले, मोजले. उजव्या रुळात एक दाणा ठेचून पिठासारखा चिकटला होता, बरोबर चार बोटं फट राहते त्याच जागी, तो अगरबत्तीच्या काडीनं काढायलाच वीस मिनिटं गेली. मीटरवर बॅटरी ११.९ दाखवत होती, म्हणून आधी गाडी गंगाखेडपर्यंत जाऊन येऊन चार्ज केली.

रीसेट पहिल्यांदा फसलं, हिसका बसल्यावर मी घाबरून बटन सोडलं आणि परत दाबायला उशीर केला. दुसऱ्यांदा पुस्तक मांडीवर ठेवून केलं. काच पूर्ण मागं गेली, परत आली आणि त्या चार बोटांच्या जागेवरून न थांबता पुढं जाऊन बसली. आई ओट्यावर बसून बघत होती, तिला नीट दिसत नाही पण आवाजावरून तिनंच विचारलं, लागलं का रं? मिस्त्री, तुम्हाला काय सांगू, फोन नंबर मागत नाही पण उदगीरला आलो की दुकान हुडकून येणार.

ताई, तुमची पाण्याची परीक्षा पण केली. पुढचे दोन्ही कोपरे आणि मागचा डावा, धार सरळ खाली पडतेय. मागच्या उजव्या कोपऱ्याला मात्र पाणी उभं राहतंय आणि चाकाजवळ थेंब थेंबच यायलंय. नायलॉन दोरी मिळालीय, पण हातभर आत गेली की अडते. जोर लावू का नको?


वाळूजची_ताई
रविवार, दुपारी १.१०

नको, जोर नको. तिथं बहुतेक नळीला वळण आहे. दोरी बाहेर काढा, टोक थोडं वाकवून परत घाला आणि आत जाताना बोटांत गोल फिरवत राहा, वळण ओलांडेल. तरी अडलं तर कोमट पाणी थोडं थोडं ओतून तासभर तसंच राहू द्या, पाकळी असेल तर मऊ पडते. उद्या नांदेडला जाताना मागच्या उजव्या बाजूचं मॅट उचलून हात लावून बघा, कोरडं असेल तर निश्चिंत जा. आणि आईच्या ऑपरेशनचं इथं नक्की कळवा.


गंगाकाठ_परभणी
रविवार, दुपारी ३.२५

निघाली ताई. कोमट पाण्यानंच निघाली, दोरीबरोबर झेंडूच्या पाकळ्यांचा बोटाएवढा बोळा बाहेर आला, आता धार पडतेय. मॅटखाली कोरडं आहे. पहाटे पाचला निघतोय.